पात्रता फेरीतली तिसरी मॅच

पॅरिस,
रविवार, सकाळ

प्रिय बाबा,

मी एका धुलाईच्या दुकानात बसले आहे. समोरच्या यंत्रात माझे मोजे तिसऱ्यांदा गरगरताहेत आणि अजून तांबडेच आहेत. ही टेनिस कोर्टाची माती मोज्यांतून जात नाही, नखांतून जात नाही, परवा तर बटाट्याच्या काचऱ्यांतसुद्धा दाताखाली कचकचली. तुला फोन करणार होते. पण फोनवर तू 'हं' म्हणतोस, मग मी 'बरं' म्हणते, मग तू फोन आईकडे देतोस. म्हणून कागद घेतला.

तू गुरुवारी गेल्यापासून इथे स्पर्धेत आम्हा ब्रिटिशांपैकी कुणीच उरलेलं नाही. सोमवारी आठजणी पात्रता फेऱ्यांना उतरलो होतो. मंगळवारी संध्याकाळपर्यंत पाच गारद. पिप थ्वेटचं तर तुला ठाऊकच आहे, पहिल्याच फेरीत पाऊण तासात आटोपली. दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत एक इटालियन मुलगी तिला अगदी गोड आवाजात म्हणाली, "अगं, तू अजून इथेच? तुमची गाडी सुटली की काय?" सगळ्या खिदळल्या. पिपही हसली, आणि मग नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिली.  माझंही काही वेगळं नाही. सात वर्षं मी इथे येते आहे, त्यातली पाच वर्षं पहिल्याच फेरीत परतले. कोर्टावर नाव पुकारणारा माणूस माझं नाव दर वर्षी नव्या तऱ्हेने चुकवतो. एकोणतिसावं सरत आलंय, बाबा. मला वैताग आलाय, आणि तो नेमका कुणाचा, हे शोधायला मला तीन दिवस लागले.

यंदा मात्र दोन फेऱ्या जिंकले. त्या हंगेरियन मुलीला हरवलं तेव्हा तू कुंपणाशी उभा होतास, टोपी मागे सरकवून. दुसऱ्या फेरीत कोपऱ्यातला तो चेंडू मी घसरत जाऊन काढला, तेव्हा तू पिपला म्हणालास म्हणे, "घोटा दुखावलेली पोर बघ कशी घसरतेय! सहा आठवडे विश्रांती घ्यायला मीच लावली." पिपने मला ते संध्याकाळी सांगितलं, कौतुकाने. मी ताट तसंच बाजूला सरकवलं. का, ते पुढे लिहिते. आधी गुरुवारचं लिहू दे, नाहीतर हिंमत जाईल.

ती अर्जेंटिनाची कँडेलारिया. पहिला सेट तिचा, दुसरा माझा, तिसऱ्यात मी पाच-तीन आणि सर्व्हिस माझी. चाळीस-पंधरा. दोन मॅच पॉइंट, आणि त्यापलीकडे मुख्य स्पर्धा. पहिल्या पॉइंटला मी चेंडू उंच, खोल, तिच्या बॅकहँडवर टाकत होते. एकदा, दोनदा, दहादा. ती मागे मागे चालली होती. ती दमली होती, बाबा. तिचा श्वास मला ऐकू येत होता. आणखी तीन-चार चेंडू, की ती चुकणार होती, हे मला आतून कळत होतं. तेवढ्यात तुझा आवाज आला, "पुढे जा, नेरिस! नेटवर!"

आणि मी गेले. विचार नाही, काही नाही. आपल्या गावच्या, लँडडनोच्या त्या समुद्राकाठच्या सिमेंटच्या कोर्टावर आठ वर्षांची असताना गेले होते, तशीच गेले. पावसाचं पाणी तू रबरी झाडूने लोटायचास आणि ओरडायचास, "चेंडू खाली ठेव, पुढे धाव, संपव!" तिथल्या वाऱ्यात दुसरं काही चालतही नव्हतं. मी खाली कापलेला चेंडू मारला. सिमेंटवर तो सरपटत गेला असता. इथे तो मऊ मातीवर उसळून तिच्यापुढे ताटात वाढल्यासारखा उभा राहिला. तिने तो माझ्या शेजारून सरळ रेषेत काढला. मी वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्या मॅच पॉइंटला दोन्ही सर्व्हिस नेटमध्ये. पुढचं तू पाहिलंसच, सात-पाच, मॅच तिची.

बाहेरच्या दारापाशी तू म्हणालास, "सांगत होतो ना, ही माती आपल्याला लाभत नाही. सोडून दे. जूनमध्ये घरी आपली गवताची कोर्टं आहेत." आणि मी पिपसमोर, त्या कँडेलारियासमोर ओरडले, "आपल्याला नाही, तुला लाभत नाही! तू तोंड मिटून बसला असतास तर आज मी आत असते!" तू टोपी काढून घडी घालून खिशात ठेवलीस. मग विचारलंस, "तुझ्याकडे पाणी आहे ना?" आणि तुझी बाटली माझ्या पिशवीवर ठेवून स्टेशनकडे निघून गेलास. तू शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. ती पाण्याची बाटली मी अजून उघडलेली नाही.

बोलले ते अन्यायाचं होतं. ओरडलास तू, पण पाय माझे होते. वीस वर्षं तो आवाज आला की मी धावले आहे, आणि बहुतेक वेळा आनंदाने धावले आहे. शाळेतली नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार गाडी हाकत, डबा मांडीवर घेऊन तू मला गावोगाव नेलंस. माझ्या खेळात जे काही आहे ते तुझंच आहे. चीड येते ती याची, की जे तुझं नाही तेही आता माझ्यात आहे, आणि ते मी तुझ्यापासून लपवलं.

माझा घोटा दुखावला नव्हता, बाबा. मार्चमध्ये मी उपचाराला गेलेच नाही. मी स्पेनमध्ये होते, तारागोनाजवळच्या एका लहानशा क्लबात, मोन्सेराट नावाच्या सत्तरीच्या बाईकडे. पहिला आठवडा तिने मला चेंडू दिलाच नाही. नुसतं घसरायला लावलं आणि कोर्ट झाडायला. मी रॅकेट आपटली तर म्हणाली, "आपट. मग ती उचल आणि पुन्हा झाड." नंतर एकच मंत्र, "चेंडू परत कर. पुन्हा परत कर. कंटाळा आला की आणखी एकदा परत कर." मी तिथे रडले, भांडले आणि शिकलेही. तू रोज संध्याकाळी फोन करून विचारायचास, "सूज उतरली का गं?" आणि मी तिच्या अंगणात ऑलिव्ह चघळत, मातीने माखलेल्या दोन्ही धडधाकट पायांकडे बघत म्हणायचे, "उतरतेय." आईने घोट्यासाठी विणलेला तो लोकरी पट्टाही, उपचाराचा म्हणून मी दिलेल्या पत्त्यावरून फिरून, टपालाने आला. तो मी एकदाही घातला नाही आणि टाकलाही नाही.

तुला हे आधी सांगितलं असतं तर तू गुरुवारी ओरडला नसतास कदाचित. तुला माहीतच नव्हतं मी काय करत होते. तू ज्या मुलीला ओरडून सांगितलंस, ती तुला ठाऊक असलेली मुलगी होती. हे मला शुक्रवारी रस्त्यातून चालताना सुचलं आणि मी एका फळवाल्याच्या दुकानासमोर तशीच उभी राहिले. तो दोनदा विचारून गेला, काय हवंय म्हणून.

तर आता सांगते, कशासाठी लिहायला बसले ते. उद्या मी घरी येत नाही, मोन्सेराटकडे जातेय. गवताचा मोसम यंदा सोडणार आहे. यापुढे ती माझी प्रशिक्षक असेल, तू नाही. हे वाक्य मी चार कागद फाडून पाचव्यावर लिहिलं आहे, तेव्हा ते रागात लिहिलं असं समजू नकोस. जुलैमध्ये इटलीत, पार्माजवळ, एक छोटी स्पर्धा आहे. तिथेही मला पात्रता फेरीपासूनच सुरुवात करायची आहे. तू ये. आईला घेऊन ये. कुंपणाशी उभा राहू नकोस, पायऱ्यांवर तिच्याशेजारी बस, डबा उघड, आणि इतरांचे बाप वाजवतात तशा टाळ्या वाजव, मी जिंकले तरी आणि हरले तरी. तुला ते जमेल की नाही, मला खरंच माहीत नाही. पण मला एकदा खेळताना मान वळवून बघायचं आहे, की तू नुसता बसला आहेस.

तुझीच,
नेरिस