निरोप बंद

१ ऑक्टोबर १९५८, बुधवार. रेवस.
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. स्वतःच्या कामावर स्वतःची नजर असावी, एवढ्यासाठीच.
कारण एक इंग्रजी पुस्तक. मागच्या आठवड्यात सुटाबुटातला एक उतारू तिकीटखिडकीवर विसरून गेला. विषय: कमी काम करून जास्त काम कसं उरकावं. पहिली दोन प्रकरणं वाचली. पुढची वाचली नाहीत. मुद्दा दोन प्रकरणांत समजला असताना बाकीची वाचत बसणं त्या पुस्तकालाच आवडलं नसतं.
मुद्दा असा. माणूस दिवसभर जे करतो त्यातलं बरंचसं त्याचं काम नसतंच. ते काढून टाकायचं. उरेल ते खरं काम.

२ ऑक्टोबर
माझं खरं काम: लाँचची तिकिटं देणं आणि घंटा वाजवणं. कंपनी पगार त्याचाच देते.
माझं खोटं काम: निरोप. बोडणीपासून सासवण्यापर्यंत प्रत्येक घरातलं एक तरी माणूस मुंबईत, गिरणीत नाहीतर गोदीत. पत्र कोणी टाकत नाही. धक्क्यावर यायचं, खिडकीत तोंड घालायचं आणि मास्तरांना, म्हणजे मला, सांगायचं. मास्तरांनी लाँच चालवणाऱ्या भागोजी सारंगाला सांगायचं, भागोजीनं भाऊच्या धक्क्यावर. उत्तर आलं की तोच प्रवास उलटा. सकाळी लाँच सुटते तेव्हा माझ्या डोक्यात कोणाची म्हैस व्यायली, कोणाचा दात दुखतो, सगळं असतं.
बायकोचं, कुमुदचं म्हणणं हेच होतं. अख्ख्या तालुक्याचं बोलणं तुमच्या ध्यानात राहतं, घरातलं एक राहत नाही. जूनमध्ये मुलीला, कोकिळेला शाळेत घालायला म्हणून दादरला सदाकडे, म्हणजे तिच्या भावाकडे गेली, ती तिकडेच राहिली. जाताना म्हणाली, एक तर मुंबईला बदली करून घ्या, नाहीतर आमच्यासाठी वेळ काढायला शिका. बदलीसाठी कंपनीच्या मॅनेजरना मीच भेटते म्हणाली, तुम्हाला जमायचं नाही. मी हसलो. दिवाळीपर्यंत दोन्ही करून दाखवतो म्हटलं.
ही सिस्टिम त्यासाठीच.

४ ऑक्टोबर, शनिवार
बोर्ड लावला. निळ्या रंगात, स्वतःच्या हातानं. ‘येथे निरोप घेतले वा दिले जाणार नाहीत.’ अक्षर सुरेख आलं आहे.
समोर चहा विकणारी मनुबाई वाचून दाखवा म्हणाली. दाखवला. माझा पन न्हाय का घ्याचा, असं विचारलं. तुझाही नाही म्हटलं. बरं म्हणाली आणि ग्लास ठेवून गेली. मग येईल त्याला तीच बोर्ड वाचून दाखवू लागली. म्हणजे तेही काम माझ्या डोक्यावरचं गेलं.
पहिला नकार येसूबाईला. बोडणीची म्हातारी. मुलगा चांगदेव गिरणीत. त्याला सांगा, दसरा झाला की भात कापाया ये, एकटीच्यानं व्हनार न्हाय. मी बोर्ड दाखवला. तिनं बोर्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदरातली काकडी काढून खिडकीत ठेवायला लागली. काकडी परत केली. वाईट वाटलं. पण पुस्तकात स्पष्ट आहे, पहिला अपवाद केला की सिस्टिम संपली.

७ ऑक्टोबर
फरक जाणवतो. पूर्वी लाँचच्या वेळी खिडकीत चार-चार डोकी. आता तिकीट, सुटे, पुढे सरका. काम निम्म्या वेळात. उरलेल्या वेळात खाडीकडे बघत बसलो.
घरी लवकर गेलो. कुमुदला द्यायचा वेळ आता पूर्णपणे तयार आहे. कुमुद नाही, हा प्रश्न वेगळा.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
आज परीक्षा झाली. लाँच धक्क्याला लागल्या लागल्या भागोजी खिडकीशी. मास्तर, जरा ऐका म्हणाला, निरोप हाय. मी बोर्डाकडे बोट केलं. बोर्ड ठाव हाय, पन ह्यो निरोप... असं म्हणायला लागला. मी हात वर केला. ऐकलाच नाही. भागोजीची आणि माझी नऊ वर्षांची ओळख, तरीही.
 तो टोपी सारखी करून चहाला गेला. मला माझ्याच ठामपणाचं कौतुक वाटलं.

१२ ऑक्टोबर
घरात भाजी नाही. आजवर भाजी विकत घेतल्याचं आठवत नाही. निरोप सांगायला येणाऱ्या बायका दोडकी, काकडी, नारळ, काही ना काही खिडकीत ठेवून जायच्या. मी ते कंपनीवरचं प्रेम समजत होतो.
निर्णय: एकच वेळ जेवायचं. स्वयंपाकाचं कामही निम्मं होईल.

१५ ऑक्टोबर
मनुबाई चहा देताना म्हणाली, भागोजी सांगत व्हता... मी म्हटलं, चहा दे, बातमी नको. बाई म्हटलं की पाल्हाळ आलंच. तिनं ग्लास ठेवला आणि गेली. दुपारचा चहा आलाच नाही. तिच्याकडे जाऊन मागायचा म्हणजे आणखी एक काम. चहा सोडला.

१८ ऑक्टोबर, शनिवार
कुमुदचा निरोप नाही. तीही पत्र लिहिणारी नव्हे. दर आठवड्याला भागोजीबरोबर काहीतरी यायचं. कोकिळेला ताप होता, उतरला. चाळीत पाणी नाही. तुमचा कोट सदाला होतो, घालू का. या महिन्यात काहीच नाही.
बराच विचार केला आणि उलगडा झाला. माझ्या सिस्टिमची बातमी तिच्या कानावर गेली असणार. मला डिस्टर्ब नको म्हणून ती गप्प राहिली आहे. कुमुद पहिल्यापासून समजूतदार. मीच तिला ओळखण्यात कमी पडलो.

२२ ऑक्टोबर, दसरा
दर दसऱ्याला धक्क्यावरची झाडून सगळी माणसं आपट्याची पानं घेऊन खिडकीशी येतात. मीही ताटात पानं ठेवली होती. कामाचा वेळ जातो खरा, पण वर्षातून एकदा चालतं.
तुळशीराम होडीवाला येऊन एक पान ठेवून गेला. बाकीच्यांनी मनुबाईच्या बाकाशी एकमेकांना दिली. हसत होती. खिडकीतून सगळं दिसतं.
संध्याकाळी ताट तसंच घरी आणलं. पानं नीट रचून ठेवली.

२५ ऑक्टोबर
मोठी झेप. ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही, उतारूंना तुळशीरामच्या होडीतून लाँचपर्यंत न्यावं लागतं. आजपासून घंटाही तोच वाजवतो आणि ओहोटीची तिकिटंही होडीतच फाडतो. मीच सांगितलं. माझ्याकडे आता फक्त भरतीची तिकिटं.
लाँच वेळेवर, तक्रार एकही नाही. काम होत आहे आणि मी करत नाही. मॅनेजरांनी एकदा येऊन बघावं. असा माणूस रेवसला कुजवणार का ते?

२९ ऑक्टोबर
आज दिवसभरात कोणाशी काय बोललो ते आठवून पाहिलं. तिकीट. सुटे नाहीत का. पुढे सरका.
घरी आल्यावर मोठ्यानं काहीतरी बोलावंसं वाटलं. कोकिळेला शिकवलेले पाढे म्हटले. सतरापर्यंत आले.

५ नोव्हेंबर, बुधवार
दिवाळी तोंडावर. कुमुद आणि कोकिळा येणार. निरोप नाही, पण दिवाळीला यायला निरोप कशाला लागतो? अलिबागला जाऊन कुमुदला लुगडं आणि कोकिळेला फुलबाज्या घेतल्या. घर झाडलं. भरतीची तिकिटंही दिवाळीपुरती तुळशीरामकडे दिली. चारही दिवस त्या दोघींसाठी मोकळे. आयुष्यात प्रथमच एवढा वेळ काढला आहे. कुमुदचा विश्वास बसणार नाही.

१० नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
सकाळची लाँच: नाही. कोकिळा लवकर उठत नाही, ती लाँच मिळणं कठीणच होतं.
दुपारची: नाही.
संध्याकाळची ओहोटीला आली. होडीतली माणसं धूसर दिसत होती, म्हणून चिखलात पुढे गेलो. गुडघ्यापर्यंत. लाल लुगड्यातली एक बाई आणि बरोबर मुलगी. दुसरीच कोणीतरी निघाली. तिनं माझ्या हातात पिशवी दिली, धरा म्हणाली. धक्क्यापर्यंत धरली.
मास्तर कोनाची वाट बघता, असं कोणी विचारलं नाही. बोर्ड माझाच.

१३ नोव्हेंबर, भाऊबीज
सकाळी उलगडा झाला. भाऊ तिकडे, मग भाऊबीज टाकून ती इकडे कशी येईल? उगीच चार दिवस जिवाला घोर. समाधान वाटलं. दुपारपर्यंत टिकलं.
मग उठलो आणि लाँचवर गेलो. भागोजी दोर गुंडाळत होता. म्हटलं, कुमुदचं काही कळलं का?
भागोजीनं दोर पुरा गुंडाळला. मग एकेक सांगितलं.
ऑक्टोबरच्या दहा तारखेचा निरोप कुमुदचाच होता. तीच मॅनेजरना भेटली होती. भाऊच्या धक्क्यावरचा तिकीटवाला नोकरी सोडून गावी चालला होता, जागा मला द्यायला ते कबूल होते. दसऱ्याच्या आत येऊन भेटा, म्हणून निरोप. मी आलो नाही. जागा दुसऱ्याला गेली.
दुसरा निरोप खोलीचा. सदाच्या चाळीत एक खोली रिकामी. घेऊ की नको, एवढं हो-नाही कळवा. तो त्यानं मनुबाईजवळ दिला होता. माज्याकडून न्हाय तर तिच्याकडून तरी ऐकाल, असं त्याला वाटलं.
तिसऱ्या वेळी कुमुद कोकिळेला घेऊन स्वतः भाऊच्या धक्क्यावर आली. काय म्हणाले, असं विचारलं. भागोजीनं खरं ते सांगितलं, मास्तर आता निरोप घेत न्हाईत. तिनं विचारलं, माझाही? तो म्हणाला, बोर्ड लावलाय.
बरं, म्हणाली.
खोली तिनं घेतली. शिवणकाम करते. दोघी तिथेच असतात.

१४ नोव्हेंबर
बोर्ड काढला. खिळे सुटेनात, मनुबाईनं सांडशी दिली.
भागोजीबरोबर निरोप पाठवला. मोठा होता. माझ्या मनात काय होतं, सिस्टिम कोणासाठी होती, लुगड्याचा रंग, सगळं. भागोजी म्हणाला, मास्तर, येवडा ध्यानात न्हाय राहनार, थोडक्यात सांगा.  मग सांगितलं, मी येऊ का, एवढं विचार.

१७ नोव्हेंबर, सोमवार
उत्तर आलं. सवड झाली की या.
कसं म्हणाली, असं भागोजीला विचारलं. हसून, रागावून, कोकिळेकडे बघत, कसं? तो म्हणाला, लाँच सुटायला आलती, तोंड न्हाय बघितलं.
सवड. घंटा तुळशीराम वाजवतो. तिकिटंही तोच फाडतो, दिवाळीनंतर मी परत घेतलीच नाहीत आणि त्यानंही दिली नाहीत. मला इथे अडवील असं एकही काम उरलेलं नाही. उद्याच्या लाँचनं निघू शकतो. आजच्याही लाँचनं निघू शकलो असतो. खिडकीत बसून राहिलो.
येसूबाई धक्क्यावर आली होती. खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ लाँचकडे चालली. मी डोकं बाहेर काढून हाक मारली. विचारलं, मुंबईला काही निरोप? म्हणाली, त्यो भागोजीलाच सांगतो आमी आता, तुमाला तरास कशाला. मी म्हटलं, त्रास नाही, मला सांगा.
म्हातारीला काय वाटलं कोण जाणे. दोन पावलं मागे आली आणि पूर्वीसारखं खिडकीत तोंड घालून सांगितलं. भागोजीला सांगायच्या आधी विसरायला नको, म्हणून इथे लिहून ठेवतो.
चांगदेवाला सांगा. भात कापून झालं. आता यायची गरज न्हाय.