आपला माणूस आत आहे

प्रिय फाउस्तो,

काल दफनभूमीत तू माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडलास. माझ्या अन्सेल्मोच्या शवपेटीची कडीही शेवटपर्यंत सोडली नाहीस. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, तेव्हाही असाच बिलगला होतास मला. लोक म्हणत होते, एल्विरा, भाऊ असावा तर असा. मी मान हलवली.

माझ्या नवऱ्याचं सगळंच काही तुला ठाऊक नाही. म्हाताऱ्यांची फुकट औषधं बंद झाली तेव्हापासून दर बुधवारी तो संसदेसमोरच्या मोर्चात जायचा. ढालवाले पोलीस रेटायला लागले की म्हणायचा, "अरे पोरांनो, माझे गुडघे बघा, मी कसली डोंबलाची क्रांती करतोय!" तेही हसायचे. मेव्हणा खासदार म्हणून संसदेतली तुझ्या कचेरीची खिडकी तर तो प्रत्येकाला दाखवायचा. औषधांच्या दुकानातल्या ग्रासिएलानं त्याच्या हृदयाच्या गोळ्यांची नवी किंमत सांगितली, तर तिलाच म्हणाला, "राहू देत तुझ्याकडेच. फुकट औषधांचा कायदा येतोय परत. आपला माणूस आत आहे." हे तिनं मला काल सांगितलं. मला वाटायचं, गोळ्या चालू आहेत. रोज सकाळी येर्बाचा कडू चहा घेताना तो माझ्यादेखत डबी उघडायचा आणि एक गोळी तोंडात टाकायचा. रात्री घरी आल्यावर मी ती डबी उघडली. पेपरमिंटच्या गोळ्या होत्या रे त्या, फाउस्तो.

संसदेत त्या विधेयकावर मतदान होतं, त्या दिवशी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. आयत्या वेळी तू सभागृहातल्या खुर्चीवरून उठून बाहेर गेलास. विरोधात मत दिलं नाहीस, एवढंच. विधेयक दोन मतांनी पडलं. मी तुला नाही नाही ते बोलले, तर हा माझ्यावरच डाफरला. "पक्षानं दम दिला असेल गं पोराला. पुढच्या खेपेला बसेल बघ." त्यानंतर तीन आठवडे त्यानं वाट बघितली.

येत्या बुधवारी ते विधेयक पुन्हा येतंय. त्याची टोपी घालून मी बाहेर उभी राहणार आहे. तुझा राग येत नाही, असं खोटं कशाला लिहू? पण रागापेक्षा जीवच जास्त तुटतो, कारण तुला मी वाढवलंय. काल चारचौघांत तोंड उघडवेना, म्हणून हे पत्र. या खेपेलाही उठून गेलास, तर मी जाईन तेव्हा माझ्या पेटीला हात लावू नकोस. मुलीला मी तसं सांगून ठेवलंय.

अजूनही तुझीच,
एल्विरा