रोटावरचा चेपका गोल

ती. मुक्ताअक्कास,

धाकट्या रामचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात जोडलेले असल्यामुळं अक्षर जरा वाकडं येईल, सांभाळून घे.) इकडं सगळे खुशाल आहेत. आप्पा काठी घेऊन गोठ्यापर्यंत जातात आणि काठी तिथंच विसरून परत येतात. वनमाला माझ्याशी रोज भांडते, म्हणजे तिची तब्येत ठणठणीत आहे. तेजश्री कॉलेजला जाते, असं तिचं म्हणणं आहे. दाजींची साखर कशी आहे आणि गुडघा कसा आहे ते कळव. मी दोन्हींची वेगवेगळी चौकशी केली असं त्यांना आवर्जून सांग, नाहीतर गेल्या खेपेसारखे रुसायचे.

फोन हातात असताना ह्यानं पत्र कावून लिहिलं, असं तू म्हणशील. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला रडायला लागतेस आणि चौथ्याला मी रेंज नाही म्हणून कट करतो. आपलं बोलणं कधी पुरं होतच नाही. शिवाय हे पत्र तुला दिवाळीला बोलवायसाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. दसऱ्याला तू फोनवर म्हणालीस की माय गेली, आता तिथं माझं कोण हाय, मी न्हाई येत. ठीक आहे, तुझी मर्जी. फक्त एक गोष्ट तुला माहीत नाही. माझ्या फोनला कानाशी धरलं तर काहीच ऐकू येत नाही, त्यामुळं माझे सगळे फोन स्पीकरवर असतात. आणि आप्पा शेजारीच बसले होते, सोनं द्यायला कोण कोण येतंय ते बघत. हातातली आपट्याची पानं ओट्यावर ठेवली आणि गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवर हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. मग आत येऊन वनमालाला म्हणाले, “औंदा रोट व्हायला पायजेत.” गेली दिवाळी दुःखाची, आपण कढईसुद्धा चढवली नव्हती. तेव्हा मायशिवायचा हा पहिलाच रोट, आणि तो माझ्या गळ्यात पडला. दिवाळीला फजिती नको म्हणून आधी एक घाणा करून बघायचं ठरलं.

आता रोटाचं तुला मी काय सांगायचं, पण सांगितल्याशिवाय मला पुढंही जाता येत नाही. गावात सगळ्यांकडं चकल्या, करंज्या, शेव. आपल्याकडं त्याच्या जोडीला भट्टीतला गोड रोट. मायनं तो माजलगावच्या खाजामियाँ बेकरीवाल्याच्या घरून, सुरैयाभाभीकडून उचलला. त्या मोहरमला करायच्या, मायनं दिवाळीला आणला. आणि हे देवाला चालतंय का, असं विचारणाऱ्या कडूबाई आत्याच्या तोंडात पहिला तुकडा कोंबून तो प्रश्न तिथंच मिटवला. (आत्यानं दुसरा तुकडा मागितला, म्हणजे देवाला चालत असणार.) कणीक, गूळ, तूप, दूध, बडीशेप, वरून खसखस. परात डोक्यावर घेऊन एसटीनं माजलगाव गाठायचं आणि भट्टीपाशी नंबर लावायचा. दिवाळीच्या तोंडावर तिथं इतक्या घरांच्या पराती असायच्या की कुणाचं कुणाकडं जाऊ नये म्हणून ज्यानं त्यानं आपल्या रोटावर आपली खूण करायची. कुणी कंगव्याचे दात उमटवायचं, कुणी कुलपाची किल्ली. माय हातातला चांदीचा गोट काढून धुवायची आणि रोटावर दाबायची. तो गोट विहिरीच्या कठड्यावर आपटून एका बाजूनं चेपलेला, त्यामुळं आपला गोल हा गोल नसायचाच, एका अंगावर निजल्यासारखा दिसायचा. आणि मायची पाठ वळली रे वळली की तू त्या गोलाच्या मधोमध बोट खुपसायचीस. दरवर्षी. लग्न झाल्यावरसुद्धा, दोन लेकरांची आई झाल्यावरसुद्धा. माय दरवर्षी तुझ्या नावानं शिमगा करायची आणि ते भोक कधी बुजवायची नाही. घरी येताना गरम डबा माझ्या मांडीवर ठेवून तू विचारायचीस, पोळतंय का रे? पोळतंय म्हटलं की तुला बरं वाटायचं. अक्का, मला अजून त्या डब्याची ऊब आठवते. त्या एसटीत बसायला मिळत असेल तर मी आजही मांडी पोळून घ्यायला तयार आहे.

असो. तर पहिला प्रयत्न आम्ही घरीच केला. तेजश्रीनं मोबाइलवर बघून सांगितलं की कुकरमध्ये मीठ तापवलं की रोट होतो. झाला. (जे झालं त्याला रोट म्हणायला वनमाला अजून तयार नाही.) आप्पांनी तो हातात घेऊन तोलून बघितला आणि शेळीचा खुंटा ठोकायला घेऊन गेले. खुंटा आत गेला. रोटाला काही झालं नाही.

म्हणून मग माजलगाव. खाजामियाँ आता भट्टीसमोर बसत नाहीत, आत खाटेवर पडून वासावरून सूचना देतात. बेकरी त्यांचा गुफरान बघतो. त्यानं मला आदल्या दिवशी खमिराची, म्हणजे यीस्टची पुडी दिली होती आणि चिमूटभर टाका म्हणाला होता. आता पुडी एवढी मोठी आणि चिमूट एवढीशी, उरलेली वाया घालवायची का? मी सगळी टाकली. ऑक्टोबरचं ऊन तुला माहीत आहे. मोटरसायकलवर मी पुढं, वनमाला मागं आणि मध्ये फडक्यानं बांधलेली परात. वाटेत उसाची ट्रॉली आडवी झालेली, तिथं तासभर खोळंबलो. पाठीला काहीतरी ऊबदार लागलं. मला वाटलं, इतक्या वर्षांनी वनमालाला माझ्याबद्दल माया वाटली. मीही जरा मागं रेललो. (हे तिला सांगू नकोस.) ती माया नव्हती, कणीक होती. फडकं वर उचलून ती परातीबाहेर आली होती आणि माझ्या शर्टावरून मानेकडं निघाली होती. ट्रॉलीवाला खाली उतरून मोबाइलवर शूटिंग करत होता. बेकरीत गुफराननं आधी मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं, पाठीवरची कणीक उलथण्यानं खरवडली, ती बाजूला टाकली आणि मगच सलाम केला.

मग खुणेची वेळ आली. गोट तुझ्याकडं. मी घरून फुलपात्र नेलं होतं. गुफरान म्हणाला, “रामभाऊ, गोल मत डालो, गोल सभापती का है. तुमारी अम्मा का गोल अलग था, बाजू से दबेला.” ऐकायचं ना गं त्याचं! पण मला तिथं काय झालं कोण जाणे. पन्नास माणसांसमोर मी आवाज चढवून म्हणालो की आमच्या घराची खूण पहिल्यापासून गोल आहे आणि गोलच राहणार, सभापतींनी पाहिजे तर चौकोन काढावा. गुफराननं हात जोडले.

घरी आलो. देवापुढं रोट ठेवला, सगळ्यांनी तुकडा तोंडात घातला. तेजश्री म्हणाली, सेम आजीसारखा. वनमालानं पदर डोळ्याला लावला. मला तर चावता चावता मायच समोर उभी राहिलेली दिसली आणि मी तसं बोलूनही दाखवलं. आप्पांनी मात्र घास तोंडात घातलाच नव्हता. (मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चष्मा मिळाला, तो कपाटात आहे.) ते रोटावर अंगठा फिरवत राहिले, आधी कडेनं, मग मधोमध, पुन्हा मधोमध. मग म्हणाले, “ह्यो आपला न्हाई.” मी म्हणालो, आप्पा, खाऊन तर बघा. त्यांनी खाल्ला. म्हणाले, “आरं, ह्यात गूळच न्हाई.”

खरंच नव्हता! आम्ही तिघंही एक कोरडा, बेचव पाव खाऊन मायच्या आठवणीनं रडत होतो. तेवढ्यात गुफरानचा फोन आला. आपला ट्रे माजी सभापती सुंदररावांच्या घरी गेला आणि त्यांचा आपल्याकडं आला. सुंदररावांना साखर आहे, त्यांच्यासाठी गीताबाई वहिनी वेगळा बिनगुळाचा रोट करून पाठवतात, गोल खुणेचा.

आपला ट्रे आणायला मी तसाच त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर माणसं बसलेली. मी कशासाठी आलो ते न विचारताच कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि फोटो काढला. (कशाबद्दल सत्कार झाला ते अजून कळलेलं नाही. शाल बरी आहे.) मग सुंदरराव मला हाताला धरून गाडीच्या मागं घेऊन गेले. त्यांच्या मिशीत खसखस होती. हळूच म्हणाले, “रामभाऊ, ट्रे मागू नका, संपला. घरात बोलू नका. तुमच्या मायच्या रोटासाठी आमी तुमच्याकडं प्रचाराला दोनदा यायचो, म्हाईत हाय का? चूक झाली ती झाली, दिवाळीला बी अशीच होऊ द्या.” एवढं बोलून त्यांचे डोळे भरून आले, आणि माझेही आले. गाडीच्या मागं आम्ही दोघं मायसाठी रडलो, ह्या खेपेला तरी खऱ्या रोटासाठी.

माझी मायच्या माघारची पहिली खरी आठवण दुसऱ्याच्या मिशीत निघाली, ह्याचं मला फार वाईट वाटतं, अक्का. मायचं घर आहे, परात आहे, भट्टी आहे, आणि रोट ओळखू येत नाही.

तर असं सगळं आहे. दिवाळीला आमचं आम्ही बघून घेऊ. तू काळजी करू नकोस. दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा भाऊ,
राम

ता. क. सोबतच्या डब्यातला रोट सुंदररावांचा आहे, बिनगुळाचा. दाजींसाठी पाठवला. खाताना त्यांना मायची आठवण आली तर येऊ दे, अडवू नकोस.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. भट्टीवर खूण लागते आणि मायचा गोट तुझ्या हातात आहे. मायनं तो तुला दिला, तो तुझाच, पण चार दिवस पाहिजे. कुरिअरनं पाठवू नकोस, हरवतो. एसटीच्या पार्सलानं नको, फुटतो. (चांदीचा आहे हे मला माहीत आहे.) कुणाच्या हाती देऊ नकोस, आजकाल भरवसा नाही. मग कसा येणार ते तूच बघ. मी बोलावत नाही.

शेवटचं. हे पत्र मी पाकिटात घालण्याआधी एकदा वाचून बघितलं. मनातल्या मनात वाचतोय असं मला वाटत होतं. आप्पा शेजारीच बसले होते. दसऱ्यानंतर पहिल्यांदा तुझं नाव त्यांच्या तोंडून निघालं. म्हणाले, “गोटाचं कावून लिवलंस? इसरला तर इसरू दी. मुक्तीला इचार, रोटाच्या मधी बोट कोण घालणार हाय?”