पिंट्याच्या पानावरची माझी ओळ

४ फेब्रु., बुध.
सचिननं पिंट्याचं पान सगळं इंग्रजी करून टाकलं. इचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. मेलेल्याच्या घरातलं भांडं उचलताना बी माणूस एकदा आवाज देतो. रोज सकाळी चहा ठेवला की फोनवर ते पान उघडते, अक्षर लावून लावून वाचते. "मी प्रकाश. अहमदपूरला राहतो. एकटाच सॉफ्टवेअर करतो. काम लहान असलं तरी सांगा." दिवाळीच्या आधी गेलं माझं लेकरू, ताप डोक्यात चढून. पान तसंच होतं. काम सांगा म्हणत होतं. आज उघडलं तर एक अक्षर ओळखीचं न्हाई. फोटो तेवढा त्याचा. चहा उतू गेला.

५ गुरु.
सचिनला फोन. नांदेडला असतो, पि.सोबत शिकलेला. पि. गेल्यावर पान त्याच्याच ताब्यात.
"मावशी, गिऱ्हाईक आता पुण्या-मुंबईचं हाय. मराठी कोण वाचतंय?"
म्हणलं, मी वाचते.
म्हणला, मीटिंगमध्ये हाय.
मीटिंग म्हणं. ह्याच घरात माझ्या हातच्या भाकरी खाऊन... जाऊ दे.

७ शनि.
शेजारची शबाना आली. बारावी शिकलेली, तिला इंग्रजी येतं. बोट ठेवून सांगत गेली. माहूरच्या ओटीवाल्या दुकानांचं काम हाय, कोणाकडं नारळ-खण संपलं ते एकमेकाला कळतं. गिरणीचं हाय, दळणाचा नंबर लागला की घरी फोन वाजतो. जीपचं बी हाय. पण "एकटाच करतो" गेलं. जिथं तिथं "आम्ही".
"अन् माझं?"
"आपका कुछ नै, खाला."
"नीट बघ."
परत वरून खाली बघितलं पोरीनं. डोळे पुसायला लागली. मी म्हणलं, तू कशाला रडतीस, तुझं काय गेलं? उगं बोलले. जाताना चपला बी उलट्या घालून गेली बिचारी.

८ रवि.
पि. म्हणायचा, आई रोज चार ओळी लिही, न्हाईतर अक्षर मोडतं. तर आज त्याचीच ओळ लिहिते. मला पाठ हाय. जीपच्या कामाखाली होती.
"माझी आई स्टँडवरच्या जीपमध्ये सवारी म्हणून बसायची. कुठंच जायची नाही. हे काम मी तिच्या मांडीवर शिकलो."
खरं हाय ते. मालक वारल्यावर हाताला काम नव्हतं. रिकाम्या जीपमध्ये कोणी चढत न्हाई. चार डोकी दिसली की चढतात. म्हणून डायवर चार पैसे देऊन आमच्यासारखीला बसवायचे. मांडीवर पिशवी, पिशवीवर पि. गाडी भरली की गुपचूप उतरायचं, मागच्या गाडीत बसायचं. एकदा इचारला, "आई, आपुन कवा जायचं लातूरला?"
म्हणलं, भरू दे गाडी.

१० मंगळ.
घरात बसवंना. स्टँडवर गेले.
पि.च्या कामाला हे डायवर लोक लई शिव्या द्यायचे. किती जागा भरल्या ते सवारीनं आपल्या फोनवर दाबायचं, डायवरनं न्हाई. उतरलं की जागा परत मोकळी दिसती. खोटी सवारी जागच्या जागी उघडी पडती. बाबूमामा, ज्याच्या गाडीत मी वर्षं काढली, तो म्हणायचा, "बाई, गाडी आमची, मांडी तुझी, अन् पोल तुझ्याच पोरानं खोलली!"
आज कोणी चेष्टा केली न्हाई. बाबूमामानं पुढची शीट फडक्यानं पुसली. "बस बाई, लातूर दाखवून आणतो."
म्हणलं, लातूरला माझं कोण हाय.
तरी बसले, फोनवर माझी जागा दाबली. गाडी भरंपर्यंत. मग उतरले.
बाबूमामाच्या फोनवर एक जागा मोकळी झाली. दोघांनी बघितलं.

११ बुध.
स.चा फोन, आपणहून.
"मावशी, ती ओळ बरी दिसत नव्हती. लोक म्हणतील, आई फसवायचं काम करायची. प्रकाशचीच इज्जत..."
म्हणलं, त्यानंच लिहिली ना? लाज तुला वाटती, त्याला वाटली न्हाई. लिहिताना मी बी म्हणलं होतं, कशाला रे हे? तर म्हणला, "आई, हे काढलं तर जीपचं मला सुचलं कसं, ते काय सांगू?"
"बघतो मावशी."
बघतो म्हंजी न्हाई. हे मला कोणी शिकवायला नको.
सांजच्याला दोघांच्या भाकरी टाकल्या. दोघांच्या कशाला टाकल्या.

१३ शुक्र.
पान उघडलं. तसंच. इंग्रजी, अन् मधी त्याचा हसरा फोटो.
स.ला लिहून पाठवलं. बोललं की मीटिंग आडवी येती. दुपार गेली लिहिण्यात. हितं बी उतरवते.

सचिन,
इंग्रजी राहू दे, तुझं बी पोट हाय. आम्ही म्हण, काय बी म्हण. पण जीपच्या कामाखाली त्याची ओळ परत टाक. मराठीत, प्रकाशच्या नावानं, होती तशी. एक शब्द बदलायचा न्हाई. त्याच्या पानावर मी तेवढीच होते. मला वाचायला दुसरं काही त्यानं ठेवलं न्हाई.
टाकतोस का न्हाई, सोमवारपर्यंत सांग. हो तर हो, न्हाई तर न्हाई. बघतो म्हणू नको. सोमवारी कळलं न्हाई तर मंगळवारी नांदेडच्या जीपमध्ये बसते, अन् ह्या खेपेला गाडी भरली म्हणून उतरणार न्हाई.