पान सत्त्याण्णव

९ जानेवारी

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

पार्सल मिळालं. पुस्तक तू सुतळीने असं आवळलं होतंस की वाटलं, आत एखादा कैदी असावा. वाचायला घेतल्यावर कळलं, कैदी मीच आहे. तुझी चिठ्ठी म्हणते, "पान १२० पर्यंत धीर धर." मी तीनशेपर्यंत धरला, तेव्हाही नायक आपला हरवलेला बूटच शोधत होता. तरी सहाशे चाळीस पानं पुरी केली, कारण नियम तो नियम: शिफारस करणाऱ्याने चिठ्ठीवर पान लिहायचं, शेवट सांगायचा नाही, आणि घेणाऱ्याने अर्ध्यात सोडायचं नाही.

तू मात्र मी शिफारस केलेल्या चार भागांच्या कादंबरीला तीस वर्षांत हात लावलेला नाहीस. विटा म्हणून हिणवतोस. पुन्हा एकदा सांगते, जेवायला परत येतो म्हणून थोरला मुलगा बाहेर पडतो आणि घर वाट बघत बसतं. पान नव्वदपर्यंत धीर धर, मग माझी आठवण काढशील.

माझा खुबा अजून जुळतोय. वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जाते नि परत येते, तीच माझी सहल. जिना बंद. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू पुटपुटतोस, तेव्हा पत्रच बरं. पोटाच्या तपासण्या करून घे. छापखान्यात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यास, आता कोणाला तरी तुझ्या काढू दे. मास्तरीणबाईंना सांग, नणंद अजून जिवंत आहे, गाफील राहू नका.

जीव लावून आहेसच, तसाच राहा.
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बुटावरून तू केलेली टवाळी वाचली. शाळेच्या ग्रंथालयात जन्म काढलेल्या बाईकडून आणखी काय अपेक्षा करायची. तुम्हाला पहिल्या पानावर नायक आणि दुसऱ्यावर तात्पर्य लागतं.

तपासण्या झाल्या. फाटक्या रेक्झिनच्या बाकावर चार तास बसलो. तिथे चार वर्षांपूर्वीचं एक मासिक होतं, त्यातलं शब्दकोडं कोणीतरी निम्मं चुकीचं सोडवलेलं. ते दुरुस्त केलं. मग डॉक्टरांनी आधी हिला आत घेतलं, वीस मिनिटं. नंतर मला, दोन मिनिटं. सूज आहे, हलकं खा, काळजी करू नका. वीस मिनिटांचा मजकूर दोन मिनिटांत बसवला म्हणजे माणूस संपादक म्हणून उत्तम आहे. ही बाहेर आली ती चष्मा पुसत. गणित शिकवण्यात हिचा जन्म गेला, पण खडूची धूळ बसलेला चष्मा पुसताना मी हिला कधी पाहिलं नव्हतं.

वजन जरा उतरलंय. विजारी दोरीने बांधतो. तू असतीस तर म्हणाली असतीस की पार्सल छान बांधलंय.

पुस्तक पाठव. लोभ करतेस तसाच करत जा, कमीजास्त नको.
तुझा,
खिळ्या

४ फेब्रुवारी

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र शाळेच्या शिक्षकखोलीत बसून लिहिते आहे. यांना दाखवू नका, म्हणजे उत्तरात याचा उल्लेख करू नका.

सूज नाही. यकृतात पसरलं आहे. डॉक्टर म्हणाले, दोन महिने, फार तर तीन. ऑपरेशनचा उपयोग नाही. यांना सांगायचं नाही असं मी ठरवलं. बरोबर की चूक मला माहीत नाही, पण सांगायला माझं तोंड उघडत नाही. वर्गात साठ मुलांसमोर ओरडणारी मी, घरात औषधाच्या बाटलीचं लेबल खरवडत बसते, की त्यावरून यांना काही कळू नये.

तुमच्याकडून एवढंच हवं: नेहमीसारखं लिहा. टोमणे मारा. यांना तुमची पत्रं वाचताना मी बघते. पेन्सिल हातात धरून वाचतात, एक कानामात्रा सोडत नाहीत. एखादा शब्द जरी गोड पडला तर पकडतील.

तुम्ही यावं असं वाटतं, पण तुमचा खुबा आणि आमचा तिसरा मजला. आशीर्वाद लांबूनच असू द्या.
आपली,
मास्तरीण

१० फेब्रुवारी

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

सूज आहे तर आहे. तुझ्या स्वभावाला शोभते. शब्दकोडं दुरुस्त केलंस हे वाचून बरं वाटलं, दवाखान्याचा एवढा तरी फायदा झाला.

सोबत एक छोटं पुस्तक पाठवते. शहाण्णव पानं. मला वाटतं, आपण दोघं उगाच जाडजूड पुस्तकांच्या मागे लागलो. चांगला लेखक थोडक्यात आटपतो. पान दहापर्यंत धीर धर, खरं तर धरावाच लागणार नाही. पुढच्या आठवड्यात आणखी एक पाठवीन, तेही सुटसुटीत आहे. पडून वाचायला हाताला ओझं नको.

तुझी,
ताई

८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिन्ही पुस्तकं पोचली. पहिलं शहाण्णव पानांचं, दुसरं ऐंशीचं, तिसरं चौसष्टचं. या हिशेबाने पुढच्या खेपेला औषधाच्या डबीतला कागद येईल आणि मग कोरं पाकीट.

ताई, उभ्या आयुष्यात तू मला चारशे पानांखालचं पुस्तक दिलं नाहीस. गोवर आला होता तेव्हाही माझ्या उशाला विश्वकोशाचा खंड ठेवला होतास. गुपिताची फोडाफोडी डॉक्टरांनी नाही केली, हिनेही नाही. तुझ्या टपालाने केली. पुस्तक पुरं होण्याआधी वाचणारा पुरा होऊ नये, म्हणून तू पानं मोजून पाठवत होतीस. रागावलो नाही. पहिल्या दिवशी थोडा रागावलो होतो.

हिला सांगू नकोस की मला कळलंय. बिचारी फार मेहनतीने खोटं बोलते. रोज सकाळी आज रंग बराय म्हणते आणि आरसा पुसायच्या निमित्ताने पालथा करून ठेवते.

आता मागणं. तुझी पहिली वीट पाठव. अर्ध्यात सोडायचं नाही हा नियम मी मोडणार आहे, तेव्हा तूही एक मोड. शेवट वेगळ्या कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करून दे. तो थोरला जेवायला परत येतो की नाही, एवढं कळलं म्हणजे पुरे. उरलेले तीन भाग मला कोणी वाचायला देईल असं दिसत नाही.

पडून लिहितोय, अक्षर माफ कर.
खिळ्या

१४ मार्च

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

नाकारत नाही. तुझ्यासमोर कधी काही लपवता आलं नाही, छापलेलं तर नाहीच.

पहिला भाग पाठवते आहे. लिफाफाही आहे. चौथ्या भागाचं शेवटचं प्रकरण जसंच्या तसं आठवतं, ते लिहिलंय. घाईने फोडू नकोस. वाचवेल तितकं वाच. डोळे थकले की मास्तरीणबाईंकडून वाचून घे. गणिताच्या पुस्तकाबाहेर त्यांनी काही वाचल्याचं ऐकिवात नाही, बाईंना हवापालट होईल.

मी येऊ शकत नाही. हे वाक्य चार वेळा खोडलं, पाचव्यांदा तसंच ठेवलं.

ताई

१९ एप्रिल

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

तार मिळालीच असेल. तेरा दिवस झाले. पत्र आता लिहिते आहे, कारण आधी हात रिकामा नव्हता आणि मग नुसताच रिकामा झाला.

शेवटचे दिवस त्यांचे त्या पुस्तकातच गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी सबंध पुस्तकाची पानं अंगठ्याखालून सरकवून पाहिली आणि एकदम हसायला लागले. पोट धरून, दुखत होतं तरी. मग भाजीची सुरी मागितली. बाइंडरने कापायचा राहिलेला एक फर्मा, सोळा पानांची घडी, त्या पुस्तकात होता, सत्त्याण्णव ते एकशे बारा, पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच. ती त्यांनी स्वतः, उशीला टेकून, एकेक करून कापली. अर्धा तास लागला. मला करू दिलं नाही. का हसलात विचारलं तर म्हणाले, छापखान्यातला विनोद आहे, तुला नाही कळायचा.

मग मी वाचत गेले आणि ते ऐकत गेले. दोनशे बाराव्या पानावर डोळे मिटून म्हणाले, इथे खूण कर. मी पेन्सिलीने केली. दुसऱ्या दिवशी शुद्ध थोडी कमी होती. मला वाटलं, आता लिफाफा फोडावा. फोडून पहिली ओळ वाचली, तर त्यांनी हात वर केला. म्हणाले, राहू दे, ताईने लिहिलंय म्हणजे थोरला परतच आला असणार. हवा तर तू वाच, तुला उत्तर शेवटी छापलेलं लागतं. मी नाही वाचलं. घडी करून ठेवलाय.

त्यांना सगळं माहीत होतं, हे मला माहीत होतं. आरसा ते मी बाहेर गेले की सुलटा करायचे. तुमचं हे जाड पुस्तक आलं त्या दिवशी ते मला म्हणाले होते, तू फार छान खोटं बोलतेस, चालू ठेव.

पुस्तकाच्या मागे तुमच्यासाठी त्यांची चिठ्ठी चिकटवलेली आहे. अक्षर लागत नाही, पण मला लागलं. "ताईस शिफारस. पान ९७ पासून गोष्ट खरी सुरू होते. धीर धर."

आणि ताई, थोरल्याचं काय होतं? मला खरंच कळेना झालंय, त्या लिफाफ्याचं काय करू.

तुमचीच,
मास्तरीण

२५ एप्रिल

चि. सौ. म्हणायची सवय हाताला आहे, खोडून लिहिते, चि. मास्तरीणबाईस,
अ. आ.

लिफाफा जाळ. त्यातलं सगळं मी रचलेलं आहे. मी ती कादंबरी वाचलेली नाही. तीस वर्षांपूर्वी शहाण्णवाव्या पानापर्यंत आले होते, त्याच आठवड्यात माझा नवरा कामावर गेला आणि त्याच्याऐवजी कारखान्यातून चार माणसं निरोप घेऊन घरी आली. कोणीतरी परत येण्याची वाट बघणारं घर मला पुढे वाचवेना. पण ग्रंथपाल बाईने पुस्तक अर्ध्यात सोडलं हे कोणाला सांगायचं? म्हणून जगाला शिफारस करत सुटले. जोडलेली पानं बघून त्याला एका क्षणात कळलं. फर्मा न कापता पुढे वाचणारी बाई अजून जन्मायची आहे. माझं खोटं त्याने सुरीने कापलं आणि मला उघडं पाडलं नाही. वर शिफारस करून गेला. असा आगाऊ.

थोरल्याचं काय होतं, मला माहीत नाही. उरलेल्या तिन्ही विटा कपाटातून काढून टेबलावर ठेवल्यात. पहिली वीट टपालाने परत पाठव. शाळेला सुट्टी लागली की तूही ये, तुझ्या खुब्याला काही झालेलं नाही. दुपारी तू वाच, मी ऐकते. शेवटचं पान आधी उघडायचं नाही, हा या घरातला नियम.

ती पेन्सिलीची खूण खोडू नकोस. दोनशे बारापर्यंत तो आपल्याबरोबर आहे. पुढचं आपल्या दोघींना वाचावं लागेल.

ताई