पडवीतलं पान

रत्नागिरी,
ता. ६ जून १९३४

चिरंजीव त्रिंबक यास आत्याचे आशीर्वाद.

रविवार, ता. २७ मे, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, वाचनालयाच्या सभागृहात, भरल्या सभेत तू माझा अपमान केलास. घड्याळ तुझ्या डोक्यावरच टांगलेलं होतं, म्हणून वेळ पक्की ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोसमातली शेवटची बोट गाठून तू मुंबईला गेलास. तोंडावर बोलायची सोय ठेवली नाहीस, तेव्हा हे पत्र.

इकडे सर्व कुशल. तुझ्या वडिलांचा, आप्पाचा, गुडघा पुन्हा धरला आहे. तुझ्या आईने तुझ्यासाठी आंबोशी वाळवून ठेवली आहे. आता बोटी बंद, म्हणजे ती गणपतीपर्यंत डब्यातच राहणार.

‘समाजशास्त्र म्हणजे काय?’ हा तुझा विषय. आरंभ बरा केलास, हे कबूल करते. समाज म्हणजे माणसांची गर्दी नव्हे, माणसामाणसांत ठरून गेलेली वागणूक. कोणी कोणाला हाक कशी मारायची, कोणी कुठे बसायचं, हे कुठे लिहिलेलं नसतं; पण सगळ्यांना ठाऊक असतं. लोकांना कारण विचारलं तर ते छानसं कारण सांगतात, म्हणून शास्त्राने विचारण्यापेक्षा पाहावं. इथवर मीही मान डोलावत होते. मग उदाहरण दिलंस.

“एका घरात एक शिकलेली स्त्री आहे. तीस वर्षं परगावी शिक्षिका होती. तिला सर्वांच्या आधी पान वाढतात, पण पडवीत, एकटीला. ताट वेगळं, तांब्या वेगळा. पाणी वरून ओततात. घर याला मान म्हणतं, तीही मानच समजते. शास्त्र याला बाहेर ठेवणं म्हणतं.”

नाव घेतलं नाहीस. केवढे उपकार! रत्नागिरीत तीस वर्षं परगावी मास्तरीण असलेल्या बायका काय पोत्याने पडल्या आहेत? पुढच्या बाकावरच्या कमळाबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मग साऱ्या ओळीने. चौथ्या दिवशी मिरकरवाड्याची राही मासळीची पाटी उतरवता उतरवता म्हणाली, “बाय, तुमच्या भाच्यान तुमच्यावर भाषण केलान म्हणे? आमच्यावर कवा करनार, इचारा.” मी तिला म्हटलं, तुला पाहायला त्याला पडवीतून उतरून बंदरावर यावं लागेल, आणि तिथे चिखल असतो.

तुझं म्हणणं खोटं आहे, असं मी त्या रात्री ठरवून टाकलं होतं. तुझ्या आजोबांनी मला मुंबईला कॉन्व्हेंटात ठेवलं, मी किरिस्तावांच्या पंगतीत जेवले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याला चाळीस वर्षं झाली. तुझ्या आईने, यमुनेने, मला इथे आल्यापासून एक वाकडा शब्द ऐकवलेला नाही. वरणावर तूप माझ्या पानात जास्त पडतं. पडवीत वारा असतो. आणि आप्पा तर गावच्या सगळ्या जातींच्या सहभोजनांना पुढच्या पंगतीत बसून येतो! असल्या घरात सोवळ्याची गोष्ट काढणारा पोरगा मूर्ख, असं मी मनाशी म्हटलं.

पण तूच त्या दिवशी म्हणाला होतास की रूढी पाळली जात असते तोवर दिसत नाही, मोडली की दिसते. मी जन्मभर मुलींना शिकवलं आहे. ताळा करून पाहिल्याशिवाय मी उत्तर बरोबर धरत नाही.

गुरुवारी दुपारी मी उठून स्वयंपाकघरात गेले, माठावरचं झाकण काढलं, ओगराळं बुडवलं आणि तिथेच उभी राहून पाणी प्याले. यमुना खोबरं खवत होती. तिचा हात थांबला. मग हसून म्हणाली, “अगो बाई, वन्सं, मला हाक मारायची ना! उगाच उठलात.”

शुक्रवारी सकाळी तिवईवर नवा माठ होता.

आप्पाने विचारलं, “माठ नवा काढलास?” ती म्हणाली, “जुना झिरपायला लागला होता.” आप्पाने माझ्याकडे पाहिलं नाही. न पाहायला किती मेहनत पडते, ते मी त्याच्या मानेवरून पाहिलं. जुना माठ मागच्या अंगणात फणसाखाली पालथा पडला होता. मी तो सुलटा केला, विहिरीचं पाणी भरलं आणि संध्याकाळपर्यंत समोर बसून राहिले. खालची माती कोरडी राहिली.

आता सांग, मी भांडू कोणाशी? शिवी कोणी दिलेली नाही, दार कोणी लावलेलं नाही. दुपारी यमुनेने पान वाढलं, तूप वाढलं, “सावकाश होऊ द्या, वन्सं,” म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरी माया होती, त्रिंबक. तेच तर. कुलूप असतं तर मी किल्ली मागितली असती.

माझी कॉन्व्हेंटातली मैत्रीण इझाबेल हिने एप्रिलात लिहिलं होतं की गिरगावात तिच्या दोन खोल्या आहेत, ये, दोघी राहू. मी ऐटीत कळवलं, “मला माझं घर आहे.” तिने पुन्हा लिहिलं आहे: जुलैपर्यंत वाट पाहते, मग दुसरी बाई ठेवते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. व्याख्यानात तू घरातल्या सगळ्यांचे पाट सांगितलेस, तुझा सांगितला नाहीस. अख्खा मे महिना तू आत, आप्पाच्या शेजारी बसून जेवलास आणि तिथून मला पाहिलंस. तुझ्या शास्त्रात पाहणाऱ्याचा पाट कुठे मांडतात? एका दुपारी मी माझ्या तांब्यातून तुला कोकमाचं सरबत ओतून दिलं होतं. “आत्ता नको, आत्या,” म्हणालास आणि आत गेलास. ओगराळं माठाला लागल्याचा आवाज मला पडवीत ऐकू आला. उन्हातून आलेल्याला आंबट नको वाटलं असेल, अशी समजूत मी घातली. लोक छानसं कारण सांगतात म्हणे; ते स्वतःलाही सांगतात, एवढं तुझ्या व्याख्यानात वाढव.

मला तुझी माफी नको. एका प्रश्नाचं उत्तर हवं. गणपतीत घरी येशील तेव्हा तुझ्या आईच्या डोळ्यांदेखत पडवीत माझ्या पाटाला पाट लावून बसशील का, आणि माझ्या हातचं पाणी पिशील का? हो किंवा नाही. “समाजाच्या दृष्टीने पाहता” अशी सुरुवात असेल तर पुढचं मी वाचणार नाही. नाही म्हणालास तरी रागावणार नाही. पण मग या घरात माझं कोणी नाही हे मला स्वच्छ कळेल, आणि बोटी नसल्या तरी कोल्हापूरवरून मोटारीने जाता येतं.

उत्तर लेखी, तुझ्या स्वतःच्या अक्षरात, शनिवार ता. ३० जूनच्या टपालाने माझ्या हातात पडलं पाहिजे. रविवारी मी इझाबेलला लिहिणार आहे. पत्र आलं नाही, तर तेच तुझं उत्तर समजेन.

‘तुझी’ हा शब्द तोपर्यंत राखून ठेवते.

द्वारका