दोरीवरचा पट्टा

कारुआरू, २६ जून

प्रिय सेलेस्तेताई,

साओ पाउलोत थंडी फार पडलीय असं आई म्हणत होती. स्वेटर घालत जा, उगाच मिरवू नकोस. इकडे साओ जोआओचा सण दणक्यात झाला. दारोदार शेकोट्या, मक्याची खीर, अकॉर्डियनवर अख्खी गल्ली नाचली. मी तेवढी नाचले नाही. पाय दुखत होता.

खरं म्हणजे पाय दुखत नव्हता. परवा धुतलेला पट्टा अंगणातल्या दोरीवर वाळत घातला आणि तिथेच फसले. ऑपरेशननंतर पोटाला आवळायचा, हुकांचा, कातडीच्या रंगाचा तो पट्टा आपल्याकडे कुठली बाई ओळखत नाही? शेजारच्या दोना ओदेते कुंपणावरूनच ओरडल्या, "अगं जुसारा, पोट कुणाकडून करून घेतलंस? दाखव की!"

आई दारातच उभी. "आणि मी खुळी, वाकून चालतेस म्हणून तुझ्या कंबरेला तेल चोळतेय!"

आता ती तुला फोन करणारच, म्हणून आधी मीच लिहिते. फोनवर तू मला बोलूच दिलं नसतंस.

हो, करून घेतलं. जुळ्यांच्या बाळंतपणात फाकलेले स्नायू शिवले, लोंबणारी कातडी काढली. तुला सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस, आणि मी थांबलेही असते. याच ऑपरेशननंतर झुल्मीरा मावशीच्या पोटात पाणी साठलं, जखम उसवली, तेव्हा तिचं सगळं तूच केलंस. तू उगाच घाबरत नाहीस, मला कळतं.

डॉक्टर इरासेमांना मी आधी तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "कातडी आणि स्नायू यांच्यात पोकळी राहते, तिथे पाणी धरतं. मी कातडी आतून स्नायूला टाचत टाचत खाली आणते, गोधडीला टाके घालतात तशी. मग पोकळी उरत नाही, आणि ओढही सगळ्या टाक्यांत वाटली जाते, जखमेच्या कडेवर येत नाही."

बाजूची कातडी त्या स्नायूवरून गरजेपुरतीच सुटी करतात, रक्तपुरवठा टिकावा म्हणून. पायात गुठळी होऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी मला चालवलं. मी मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. पण पाणी साठलं नाही, ताई. "शंभर टक्के हमी मात्र देत नाही हं," असंही त्यांनी बजावलं होतं, म्हणून मीही देत नाही.

तू ऑगस्टमधली तुझ्या ऑपरेशनची तारीख रद्द करणार आहेस, हे आईनं सांगितलं. एवढं वजन उतरवलंस, आणि आता लोंबत्या कातडीखाली चिघळतंय तिथे पावडर लावत घरात बसतेस. मला बघवत नाही. रद्द करू नकोस. तुझ्या डॉक्टरांना या टाक्यांबद्दल विचार, नीट खोदून विचार.

मी येतेय, तिकीट काढलंय. घाबर हवं तेवढी, पण दवाखान्यात, माझा हात धरून घाबर.

आयुष्यात पहिल्यांदाच तुझ्या पुढे चालून गेलेली,
तुझी धाकटी
जुसारा